गडग्यावरचा डबा

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आधी निरीक्षण लिहावे आणि निष्कर्ष मागाहून काढावा, असे मी वर्गात मुलांना सांगत असे. निवृत्तीनंतर सांगायला वर्ग उरला नाही, म्हणून ही शिस्त स्वतःलाच लावण्यासाठी आजपासून दैनंदिनी लिहीत आहे.

प्रश्न असा: सावरखिंडीत कायमचे राहावे, की पनवेलला परत जावे? माझे घरमालक गणराज मुंबईत असतात. काल ते फोनवर म्हणाले, "बाई, संक्रांतीपर्यंत काय ते सांगा. घर विकत घेणार असाल तर पहिला मान तुमचा. नाहीतर एक पार्टी मागे लागलीय, त्यांना पर्यटकांसाठी खोल्या काढायच्यात."

पर्यटक येथे भरपूर दिसतात, पण राहत कोणी नाही. म्हसळ्याहून दिवेआगरकडे जाताना घाटमाथ्यावर आमची पेठ लागते. लोक गाडीतून उतरतात, चहा पितात, दूरवर चमकणाऱ्या समुद्राचे छायाचित्र काढतात आणि त्या समुद्राकडे निघून जातात. आमच्या वाट्याला समुद्राचा केवळ देखावा येतो. त्याच्या बदल्यात आम्हाला पहाटेचे धुके मिळते. रात्री डोंगराचा उतार लवकर थंड होतो, जड गार हवा खाली दरीत उतरून साचते आणि सकाळी आपण ढगांच्या वर उभे असतो. हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवीत असे. आता रोज खिडकीतून पाहते. इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर निसर्गाने माझी आकृती बरोबर ठरवावी, ह्याचा आनंद मोठा आहे.

मी मूळची इथलीच, खालच्या अंगाच्या बौद्धवाडीतली. हे भाड्याचे घर मात्र वरच्या आळीत आहे. माझी आई सोनूबाई ह्याच आळीत भाताच्या झोडणीला येत असे, आणि तहान लागली की ओट्याखाली ओंजळ धरून उभी राही. आता त्या ओट्यांपैकी एका ओट्यावर मी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचते. काळ बदलला आहे, हे माझे गृहीतक. ते सिद्ध झाले तर घर घ्यायचे.

पुरावा शेजारी राहतो. भागोजी आणि कोकिळा हे भातशेती करणारे कुणबी कुटुंब. त्यांच्या आणि माझ्या परसात दगडांचा कमरेएवढा गडगा आहे. मुलगा ऋत्विक तळोज्याला कारखान्यात नोकरी करतो. आज मी त्यांना वांगी घालून केलेले सुक्या बोंबलांचे कालवण गडग्यावरून दिले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डबा परत आला, आणि रीतीप्रमाणे भरलेला आला. शेजारच्या घरचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही रीत सर्वांना ठाऊक आहे, पण तिचे गणित कोणी तपासलेले दिसत नाही. 'अ'ने भांडे भरून दिले की 'ब' ते भरून परत करणार. ते भरलेले आल्यामुळे 'अ'ला पुन्हा काही देणे भाग. ही क्रिया स्वतःहून कधीच थांबत नाही. कोणा शहाण्या बाईने शेजाऱ्यांचे भांडण होऊ नये म्हणून हे यंत्र शोधले असावे.

ह्या वेळी डब्यात करांद्याचे कंद होते. कोकिळावहिनी म्हणाल्या, "वेलावरचं हायत. उकडून खावा, बाई." मग जरा थांबून, "मीठ वाईच बेतानं टाकीत जा."

माझे मीठ मोजलेले असते. पातेल्यागणिक चमचा ठरलेला आहे. तरी मी वाईट वाटून घेतले नाही. चव ही व्यक्तिसापेक्ष असते.

भागोजीदादा मागे गोठ्याशी उभे होते. ते मोठ्याने म्हणाले, "मीठ येकदम बराबर हाय. येक दाना कमी करू नका." कोकिळावहिनींनी त्यांच्याकडे असे पाहिले की ते गुरांना पाणी दाखवायला गेले. गुरे आधीच पाणी पिऊन रवंथ करीत बसली होती.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सावरखिंडीत भ्रमणध्वनीला रेंज मिळते ती एकाच जागी, टाकीजवळच्या कातळावर. मनोरा समोरच्या डोंगरावर आहे आणि लहरी सरळ रेषेत येतात. आमच्या आळीला डोंगराची मधली सोंड आडवी येते. परिणामी गावातील प्रत्येक खाजगी संभाषण त्या कातळावर, रांगेतल्या सर्वांसमोर होते. तरीही येथे सभ्यता आहे: मागे उभ्या असलेल्यांनी समुद्राकडे पाहायचे आणि काही ऐकू येत नाही असा चेहरा ठेवायचा. संध्याकाळी त्याच माणसांना सारे तपशील माहीत असतात.

आज माझ्या पुढे कोकिळावहिनी होत्या. ऋत्विकला सांगत होत्या, "आमी बरी हाव. बाबा? बाबा पन चांगलं हायत, कालच गवताचं भारं वाहून आनलं. दवाखान्यात? मी गेलेली, माझा गुडघा दाखवायला. बाबा नुसतं सोबत आलेलं."

गुडघ्याचे मला त्या बोलल्या नव्हत्या. तसे पाहिले तर आज त्या माझ्यापेक्षा भरभर कातळ चढल्या. औषध लागू पडलेले दिसते.

मग माझी पाळी. मुलगी प्रांजली पनवेलला बँकेत आहे. ती म्हणाली, "आई, डोंगरावर एकटी काय करतेस? तिथं तुझं कोण आहे?"

"शेजार आहे," मी म्हटले. मागे उभी असलेली माणसे समुद्राकडे पाहत होती.

३ डिसेंबर, मंगळवार

एक आकृतिबंध लक्षात येत आहे. तो लिहू नये असे वाटत होते; पण निरीक्षण निवडून लिहायचे नसते.

मी आजवर कालवण दिले, तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके दिले, आंबोशीची आमटी दिली. परत आले ते करांदे, नवे तांदूळ, भोपळ्याची फोड, दारची पपई. प्रत्येक वस्तू उत्तम आणि प्रत्येक वस्तू कच्ची. चुलीवर चढलेले असे काहीही त्या घरातून माझ्याकडे आलेले नाही.

हा योगायोग असू शकतो. शेतकऱ्याच्या घरी कच्चा माल विपुल असतो.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी खाली वाडीतल्या विहारात गेले. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, वंदना. नंतर चंद्राबाईंजवळ बसले. त्या माझ्या आईच्या वयाच्या, आईबरोबर झोडणीला जाणाऱ्या. दात राहिले नाहीत, जीभ मात्र शाबूत आहे.

"वर कसं काय, जयमाला? बोलतात का शेजारी?"

मी उत्साहाने डब्याचे सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "शिजवलेलं काय देतात?"

मी करांदे, तांदूळ, भोपळा, पपई अशी यादी सांगितली.

"कच्चा शिधा देतात व्हय?" चंद्राबाई हसल्या. "आमाला पन दारात कच्चंच मिळायचं. कच्च्याला इटाळ लागत नाय ना. आनि तुजं कालवन ती खाते का बैलाला घालते, तू बगाया गेलीस?"

मी म्हटले, "पुराव्याशिवाय असे म्हणू नये, मावशी."

"बरं, नको म्हनू. तू शिकलेली."

चढ चढून घरी आले. ओट्यावर खुर्ची होती. आज मी आत बसून वाचले.

११ डिसेंबर, बुधवार

आठवड्याचा बाजार. सुकी मासळी विकणाऱ्या बायका खालून, खाडीकाठाहून टेम्पोने येतात आणि त्यांच्या मागोमाग गावातील सर्व मांजरे येतात.

भागोजीदादा जवळ्याच्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. घेत काही नव्हते, नुसते पाहत होते. माणसे देवासमोर बसतात तसे. कोकिळावहिनी आल्या आणि म्हणाल्या, "उठा. इथं काय जत्रा हाय?"

"वास घेऊ दे की. वासाला कोन पैसं मागतो?"

"डोळं मिटून वास घेताव, मंग घरी येऊन तोंड वाकडं करताव. चला."

मला पाहिल्यावर दोघेही एकाच वेळी हसले आणि एकाच वेळी थांबले. नात्यात काही ताण असावा. मी पावशेर जवळा घेतला. भागोजीदादांची नजर पिशवीवरून हलेना.

घरी येऊन कांदा, लसूण, कोकम घालून जवळा परतला. मनाशी म्हटले की गृहीतकाला आणखी एक संधी द्यावी. गडग्याशी गेले तर कोकिळावहिनी नव्हत्या. भागोजीदादा मात्र जणू वाट पाहत उभे होते. दोन्ही हातांनी डबा घेतला. "तिला देतो हां, बाई," असे म्हणाले आणि घराकडे न जाता पेंढ्याच्या उडवीकडे गेले. गुरांची काही गडबड असेल.

उडवीपाशी गुरे. चंद्राबाईंचे शब्द आठवले. आठवायला नको होते.

१५ डिसेंबर, रविवार

काल मी कोळंबीचे लोणचे आणि तांदळाची भाकरी देऊन आले होते. भागोजीदादांनीच डबा घेतला.

आज विहिरीवरून आले तर डबा माझ्या ओट्यावर होता. उचलला तेव्हा जड लागला, आणि एक क्षण बरे वाटले. झाकण उघडले. आत माझेच लोणचे होते, मी लावले होते तसे. भाकरीची घडीही मोडलेली नव्हती.

१६ डिसेंबर, सोमवार

काही लिहिण्यासारखे नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आठवडाभर डबा मांडणीवर पालथा आहे. थांबू न शकणारे यंत्र थांबले. माझ्या गणितात कोणीतरी अन्नाला हात न लावता ते परत करील, ही शक्यता धरलेली नव्हती.

मी शांतपणे विचार केला. कोणी मला वाईट बोललेले नाही. कोकिळावहिनी आजही "बाई, पानी आलं का?" असे विचारतात. त्या विचारतात तेव्हा माझ्याकडे न पाहता नळाकडे पाहतात. शंभर माणसांच्या सभेत माझा सत्कार होतो, माझ्या हातून बक्षिसे वाटली जातात, मुले पायाला हात लावतात. पण सभेत कोणी जेवत नाही. जेवण घरात असते, आणि घर मला गडग्यापलीकडे दिसते.

भागोजीदादा दिवसातून दोनतीनदा गडग्याशी येऊन उभे राहतात. काल म्हणाले, "बाई, काय सैपाक न्हाय का करीत तुमी हल्ली? वास न्हाय येत."

मी म्हटले, "एकटीपुरते करते." ते मान हलवून गेले. वय झाल्यासारखे चालत होते.

कातळावर जाऊन प्रांजलीला सांगितले की संक्रांतीनंतर मी तुझ्याकडे येते. तिला इतका आनंद झाला की मलाही तो झाल्यासारखे बोलावे लागले. गणराजांना फोन लावला, लागला नाही. उद्या पुन्हा लावीन.

२८ डिसेंबर, शनिवार

आजची नोंद नीट क्रमाने लिहिते, कारण क्रम चुकला तर मी स्वतःलाच खोटे सांगेन.

दुपारी मागच्या दारी कोणी खाकरले. पायरीवर भागोजीदादा बसले होते. टोपी मांडीवर. म्हणाले, "बाई, वाईच लोनचं हाय का? येक फोड. नायतर नुसता खार पन चालंल."

मी उभ्या उभ्या म्हटले, "दादा, माझ्या घरचे तुमच्याकडे चालत असेल असे मला वाटत नाही. डबा आला तसा परत आला."

"तो मी न्हाय परत केला," ते म्हणाले. "मी कशाला करीन? मी त्याच्यावरच तर जगत व्हतो."

"म्हणजे?"

"म्हंजे समदं मीच खाल्लं. बोंबील, तिसऱ्या, तो जवळा. पेंढ्याच्या उडवीमागं बसून. कोकिळेनं पयल्या दिसी येक बोट चाटलं, तेवढंच." हे सांगताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटले होते. "त्या दिसी भाकरी हातात घ्यायची आनि ती मागनं आली. डबा गेला. तवापासनं ह्यो असा वनवास."

मी खाली पाहिले, आणि तेव्हा प्रथमच त्यांचे पाय पाहिले. घोटे दिसतच नव्हते. मी खाली बसले, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा. क्षार शरीरात पाणी धरून ठेवतात, हा धडा मी इतक्या वर्गांना शिकवला आहे की झोपेतही सांगू शकेन. आणि हा माणूस महिनाभर माझ्या गडग्याशी उभा होता.

"दादा, तुम्हाला रक्तदाब आहे?"

"हाय थोडा. डाक्तर म्हनतो लय हाय."

"आणि मीठ?"

"बंद. पार बंद. तुमीच सांगा, बाई, ह्याला जगनं म्हनतात?"

तेवढ्यात गडगा चढून कोकिळावहिनी आल्या. त्यांनी पायरीवरचा नवरा पाहिला, माझा अंगठा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. "आला का चोर हितं पन. मला वाटलंच."

"लोनचं मागितलं, दिलं न्हाय अजून," भागोजीदादा म्हणाले.

"देऊ नका. बाई, तुमच्या पाया पडते, देऊ नका." मग त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या, आणि साठलेले सारे एकदम बोलल्या. दिवाळीच्या आधी दादांना चक्कर आली होती. डॉक्टरांनी मीठ तोडले. बरणी घरात असली की हा माणूस खडा उचलून तोंडात टाकतो, म्हणून वहिनींनी मीठच घरातून काढले. त्या स्वतःही दिवाळीपासून अळणी जेवत आहेत.

"मग मला का नाही सांगितलेत?"

"काय सांगू? तुमाला सांगितलं आनि कुनी आयकलं तर गावाला कळनार. गावाला कळलं की ऋत्विकला कळनार. तो म्हनतो, बाबांना काय झालं तर दोघांना तळोज्याला नेतो, शेत घालू दुसऱ्याकडं. तिसऱ्या माळ्यावर काय करनार आमी? भिंतीला कान लावून बसनार?"

"आणि डबा," मी विचारले. "तुम्ही नेहमी कच्चेच का देत होता?"

त्या पदराशी चाळा करू लागल्या. "मंग शिजवलेलं काय देऊ? अळनी भाजी? तुमी येवढ्या शिकलेल्या, तुमचं कालवन म्हंजे हाटेलासारखं. आमचं अळनी तोंडात घालून तुमी काय म्हनाल, ह्या बाईला सैपाक येत न्हाय? मला लाज वाटली, बाई."

भागोजीदादा म्हणाले, "हाटेलासारखं काय, हाटेलापरीस बरं."

"तुमी गप ऱ्हावा."

मी त्यांना सांगितले नाही की मी काय समजले होते. सांगण्यासारखे वाक्य मला जुळवता आले नाही.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी कोकिळावहिनी नळावरून माझ्या ओट्याशी आल्या. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, दोन्ही काठोकाठ भरलेली. भांडी उतरवून त्यांनी ओट्यावर ठेवली, माझ्या खुर्चीशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, पानी द्या."

मी आतून तांब्या आणि पेला आणला. त्यांनी पेला भरून घेतला, ओठाला लावून प्यायल्या आणि पुन्हा पुढे केला. आळीतून माणसे जात होती, एकदोघांनी मान वळवली. त्या सावकाश प्यायल्या. मग हंडा उचलून गेल्या.

मी प्रत्येक गोष्टीचे स्पष्टीकरण लिहिते. ह्याचे लिहिणार नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

डबा आला. उघडण्याआधी हातालाच ऊब लागली. आत लाल भोपळ्याची भाजी होती, वर ओले खोबरे.

जिभेला मिठाची सवय असते आणि सवय सुटायला काही आठवडे लागतात, एवढे शास्त्र मला माहीत आहे. ते पहिल्या घासाला उपयोगी पडत नाही. दुसऱ्या घासालाही नाही. तिसऱ्या घासाला मात्र भोपळ्याची स्वतःची गोडी कळली, मग खोबऱ्याचे दूध. मिठाच्या आड इतके दिवस काय काय लपले होते असे वाटले. पूर्ण डबा संपवला.

दुपारी मी गडग्यापाशी जाऊन वहिनींना सांगितले की आंबट आणि तिखट वाढवले तर जीभ मिठाची तक्रार कमी करते. कोकम आहे, लिंबू आहे, ओली मिरची, आले, लसूण आहे. मी पुष्कळ बोलले असावे, कारण भागोजीदादा गोठ्यातून म्हणाले, "आदी येक हेडमास्तरीन व्हती. आता दोन झाल्या."

मी त्यांना एकच अट घातली: ऋत्विकला त्यांनी स्वतः सांगायचे. मी चहाडी करणार नाही आणि खोटेही बोलणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि बैलाशी बोलू लागले.

गणराजांना अजून उत्तर दिलेले नाही. घर सोडायचे कारण उरले नाही. मात्र एक कारण खोटे ठरले म्हणून राहायचे, हेही पुरेसे वाटत नाही.

१२ जानेवारी, रविवार

वालाच्या शेंगा भरल्या आहेत, तेव्हा आज भागोजीदादांच्या खळ्यात पोपटी लागली. ऋत्विक काल रात्रीच आला आहे. आळीतले पाचसात जण जमले, पियूष चहावाल्यासह.

पोपटी म्हणजे मडक्यात वाफवलेल्या शेंगा. पण त्यात पाण्याचा थेंबही घालत नाहीत, आणि मला तीच गोष्ट सर्वात सुंदर वाटते. मडक्याच्या तळाला आणि कडेला भांबुर्डीचा ओला पाला, मध्ये शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, आणि तोंडही पाल्यानेच गच्च बंद. मडके उपडे ठेवायचे, भोवती पेंढा आणि लाकडे पेटवायची. पाल्यातील ओलावा वाफ होतो, त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो शेंगांत शिरतो. मी हे सांगत होते आणि सर्वजण, लहानपणापासून पोपटी लावणारे, आदराने ऐकत होते.

मडके भरताना पियूषने विचारले, "खडे मीठ कुठाय?"

भागोजीदादा मुलाकडे पाहत नव्हते. मग कोकिळावहिनी म्हणाल्या, "मीठ न्हाय टाकायचं. बाईंनी सांगितलंय. शास्त्र हाय त्याचं."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी घसा साफ केला. मी त्यांना सांगितले की भांबुर्डीच्या पाल्यात सुगंधी तेले असतात, की मीठ शेंगेतील पाणी बाहेर ओढते, की त्यामुळे शेंग आक्रसण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि ओवा थोडा जास्त घातल्यास हेतू साध्य होतो. प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खरे होते. खोटे बोलणार नाही अशी अट घालणारी मीच, आणि ह्या वाक्यांची मोळी बांधून मी काय केले ते मला नीट ठाऊक आहे.

"बाईंचं डोकं म्हंजे डोकं हाय," पियूष म्हणाला आणि दुप्पट ओवा टाकला.

सूर्य समुद्रावर टेकला तेव्हा जाळ बसला. वहिनींनी मडक्यावर पाणी शिंपडले, चर्रकन आवाज झाला. मडके काठीने बाजूला घेऊन केळीच्या पानांवर रिकामे केले. धुरकट, हिरवा, ओव्याचा वास खळाभर पसरला. सगळे पानाभोवती बसले आणि एकाच ढिगातून शेंगा ओढू लागले.

ऋत्विक माझ्या शेजारी होता. शेंग सोलता सोलता हळू आवाजात म्हणाला, "बाई, बाबांचं बीपी आता किती आहे?"

माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला.

"मला पयल्यापासून माहीत आहे," तो म्हणाला. "गोळ्या देतो ना, तो मेडिकलवाला माझ्या वर्गातला. आई फोनवर सांगते बाबा घोड्यासारखं हायत, तेव्हा मागं उभे असलेले चार जण तिथूनच मला मेसेज करतात."

"मग तू काही बोलला का नाहीस?"

"बोललो तर न्यावं लागेल. आणि तिकडं नेऊन माणूस टिकतो का, तेच कळत नाही. दिवाळीनंतर न्यायचं ठरवलेलं. मग आई सांगायला लागली, शेजारी बाई आल्यात, बाई हे म्हणतात, बाई ते म्हणतात. म्हटलं, बघू." त्याने दाणे माझ्या पुढे ठेवले. "म्हणून विचारतो. गणराजकाकांकडून कळलं, तुमचं अजून नक्की नाही. तुम्ही राहणार असाल तर मी त्यांना हलवत नाही. नसाल तर मला वेगळा विचार करावा लागेल."

इतके दिवस मी ह्या गावाची परीक्षा घेत होते. तेच गाव शेजारी बसून माझ्या उत्तराची वाट पाहत असेल, हे माझ्या मनात आले नव्हते. भागोजीदादा समोर होते. रताळ्याचा तुकडा चघळत पियूषला सांगत होते, "मिठाबिगर काय वाईट न्हाय लागत रे," आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलाकडे पाहत होते.

"घर घेते आहे," मी म्हटले. "उद्या गणराजांना कळवते, माझ्या मुलीलाही. आणि तुझे बाबा आज तुला काही सांगणार आहेत. तुला माहीत नाही असा चेहरा कर."

"जमेल," ऋत्विक म्हणाला. "आमच्या गावात सगळ्यांनाच जमतं."

अंधार पडू लागला, वारा सुटला. माणसे हात झटकत उठली. मीही माझ्या घराकडे वळले, तेव्हा कोकिळावहिनींनी दारातून हाक मारली.

"कुठं चाललाव? नुसत्या शेंगांनी पोट भरतं काय? भात शिजवलाय, कुळथाचं पिठलं हाय. अळनीच हाय, पन गरम हाय."

मी म्हटले, "डब्यात द्या, घरी जाऊन खाते."

"डबा कशाला? आत या. चुलीजवळ बसू, भाईर गार हाय."

मी हात धुतले आणि आत गेले.